हाताचा अंदाज आणि काट्याचा आकडा

खांद्याच्या फऱ्याभोवतीच्या स्नायूंची ताकद किलोमध्ये मोजावी, तो आकडा रुग्णाच्या फाइलमध्ये लिहावा आणि त्याच्या आधाराने पुढचा व्यायाम ठरवावा, या म्हणण्याला मी पुष्कळ वर्षं मनापासून विरोध केला. पुण्यात फिजिओथेरपीचं काम करताना, विद्यार्थ्यांपुढे बोलताना, व्यवसायातल्या स्नेह्यांशी वाद घालताना मी एकच बाजू लावून धरली. असं मोजमाप बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सराव करणाऱ्या खेळाडूंसाठी ठीक आहे. पेठेतल्या दवाखान्यात येणाऱ्या माणसाला जाणता हात आणि जाणती नजर पुरते, असं मी म्हणत असे. आज माझं मत याच्या उलट आहे. फऱ्याची ताकद मोजण्याची सर्वांत मोठी गरज खेळाडूला नाही. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन जो माणूस घरी परतला आहे आणि ज्याचा एक हात आता खांद्याच्या वर जात नाही, त्याला ती आहे. हे मत कशामुळे बदललं आणि जुन्या मतातलं काय मी अजूनही सोडलेलं नाही, ते इथे मांडते आहे.

आधी जुन्या मताची बाजू सांगते, कारण ती पोकळ नव्हती. फऱ्याला सतरा स्नायू जोडलेले असतात आणि त्यांतला एकच वेगळा काढून मोजता येत नाही. रुग्णाला पालथं झोपवून हात डोक्याच्या दिशेने तिरका उचलायला सांगितला, की ट्रॅपिझियस या स्नायूचा खालचा भाग कामाला लागतो हे खरं. पण त्याच क्षणी डेल्टॉइड, रोटेटर कफ आणि ऱ्हॉम्बॉइडही कामाला लागलेले असतात. मग यंत्रावर दिसणारा आकडा नेमका कोणाचा? शिवाय दुखरा खांदा कधीच पूर्ण जोर लावत नाही. दुखलं की मेंदूच स्नायूला आवरतो, त्यामुळे आपण ताकद मोजतो आहोत की वेदना, हे कळत नाही. आणि मला एक भीती होती. समोर आकडा आला की नवा फिजिओ रुग्णाची पाठ बघायचं सोडून यंत्राच्या पडद्याकडे बघत बसेल.

या विषयावरचं जे संशोधन वाचनात येत होतं, तेही खेळाडूंभोवती फिरणारं होतं. अमेरिकेत बेन किब्लर यांनी १९९८मध्ये खेळाडूच्या खांद्यात फऱ्याची भूमिका काय असते हे सविस्तर मांडलं आणि हा विषय क्रीडावैद्यकात मध्यभागी आणला. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात ॲन कूल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हात डोक्यावरून फिरवणाऱ्या खेळाडूंमध्ये फरा पुढे ढकलण्याची आणि मागे ओढण्याची ताकद मोठ्या यंत्रांवर मोजली. पुण्यात अशा खांद्यांची वाण नाही. बॅडमिंटनला एकेकाळी ‘पूना’ याच नावाने ओळखत, आणि आजही या शहरात ते खेळणारी मुलं गल्लोगल्ली भेटतात. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला, की पट्ट्याने ढोल बांधून तासन्‌तास वाजवणाऱ्या पोरापोरींचे खांदे आमच्याकडे येऊ लागतात. मोजायचंच असेल तर यांना मोजा, असं मी म्हणायचे. तरुण शरीर, ठरलेली तारीख, पुन्हा मैदानात किंवा पथकात उतरण्याची घाई, तिथे आकड्याला अर्थ आहे.

मत हलायला सुरुवात झाली ती मात्र वेगळ्या रुग्णांमुळे.

आपल्याकडे तंबाखू-चुना, गुटखा, मावा आणि मशेरी यांनी किती तोंडं पोखरली, हे पुण्यातल्या कोणत्याही कर्करोग विभागाबाहेरच्या बाकांवर बसलं की दिसतं. महाराष्ट्र सरकारने २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण त्याआधी वर्षानुवर्षं गालात धरलेल्या पुडीचा हिशोब अजून चुकता व्हायचा आहे. शिरूर, दौंड, खेड, इंदापूर इथून माणसं शस्त्रक्रियेला पुण्यात येतात, हडपसरला किंवा पिंपरीला लेकीकडे, भावाकडे राहतात. गाल किंवा जीभ यांच्या शस्त्रक्रियेबरोबर त्यांच्या मानेतल्या गाठीही काढलेल्या असतात. जखम भरते, रेडिएशन संपतं, डॉक्टर सांगतात की आता आजार आटोक्यात आहे. आणि मग घरात लक्षात येतं, की ओला टॉवेल दोरीवर टाकताना हात अर्ध्यात थांबतो, अंबाडा घालता येत नाही, पीएमपीच्या बसमध्ये वरचा दांडा धरता येत नाही. “मॅडम, हात वर जातोय, पण फळीवरच्या डब्याला पोचत नाही,” हे वाक्य थोड्याफार फरकाने मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे.

यामागचं कारण मानेतून जाणाऱ्या एका बारीक मज्जातंतूत आहे. मेंदूकडून निघणारी अकरावी नस, जिला आम्ही स्पायनल ॲक्सेसरी नर्व्ह म्हणतो, ती कवटीच्या तळातून बाहेर पडून मानेच्या वरच्या भागातून, नेमकी लसिकाग्रंथींच्या पुंजक्यांमधून, मागे ट्रॅपिझियसकडे जाते. १९०६मध्ये अमेरिकी शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी मानेतल्या गाठी समूळ काढण्याची जी शस्त्रक्रिया मांडली, तिच्यात ही नसही काढली जाई. त्यातून वाचलेल्या रुग्णांचा खांदा खाली उतरायचा, दुखायचा, हात आडवा झाला की तिथेच अडायचा. पुढे शस्त्रक्रिया नेमकी होत गेली आणि नस वाचवणं हा नियम झाला. पण तिच्याभोवतीच्या ग्रंथी काढताना ती ताणली जाते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो. अखंड असलेली नसही महिनोन्‌महिने नीट काम करत नाही, हे त्यामुळे नेहमी घडतं. फाइलमध्ये ‘नस जपली आहे’ असं लिहिलेलं असतं. ते खरंच असतं. पण नस जपली म्हणजे ताकद जपली, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

या रुग्णांची संख्या पुढेही मोठीच राहणार, आणि त्याला एक चांगलं कारण आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगात, मानेत गाठ हाताला लागत नसतानाही पहिल्याच शस्त्रक्रियेत तिथल्या ग्रंथी काढाव्यात, की गाठ दिसल्यावर काढाव्यात, हा जुना वाद तिने सोडवला. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. वाट पाहिलेल्यांमध्ये हेच प्रमाण ६७.५ टक्के होतं. महाराष्ट्रात झालेल्या या कामाने जगभरची पद्धत बदलली आणि असंख्य जीव वाचवले. म्हणजे मानेतल्या ग्रंथी काढल्या जाणार, त्या काढल्याच पाहिजेत. अशा वेळी वाचलेल्या माणसाच्या खांद्याची जबाबदारी आमच्या व्यवसायावर येते, आणि ती अंदाजाने पार पाडता येईल का, हा प्रश्न मला टाळता येईना.

फरा काय करतो, हे इथे सांगायला हवं. हात शरीराशेजारून सरळ डोक्यावर नेला की तो साधारण १८० अंश फिरतो. त्यातले सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यात होतात आणि ६० अंश फरा बरगड्यांवरून सरकून, फिरून देतो. दोनास एक हे प्रमाण १९४४मध्ये इन्मन, साँडर्स आणि ॲबट यांनी मांडलं. हात किती वर आहे त्यानुसार आणि माणसानुसार ते थोडं बदलतं, पण मुद्दा कायम राहतो. फऱ्याला वर फिरवण्याचं काम दोघं मिळून करतात. एक ट्रॅपिझियस, जो मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला असतो आणि ज्याचे वरचे, मधले आणि खालचे तंतू वेगवेगळ्या दिशांना ओढतात. दुसरा सेराटस अँटिरियर, जो बगलेखालच्या बरगड्यांवरून निघून फऱ्याच्या आतल्या कडेला जोडला जातो. हात उचलणारा डेल्टॉइड शाबूत असला, तरी तो फऱ्यावर उभा राहून काम करतो. शिडी धरून उभा असलेला माणूसच ढिला पडला, तर वर चढलेल्याच्या दंडात किती बळ आहे याला अर्थ उरत नाही. ट्रॅपिझियस लुळा पडलेल्या रुग्णाची अवस्था अशीच होते.

आता ताकद ठरवायची कशी? आमच्या व्यवसायात रुग्णाच्या हालचालीला हाताने विरोध करून शून्य ते पाच अशी श्रेणी देतात. शून्य म्हणजे स्नायूचं जराही आकुंचन नाही, तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल होते, पाच म्हणजे सामान्य ताकद. १९४३मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने युद्धात मज्जातंतूंना झालेल्या इजा तपासण्यासाठी ही श्रेणी छापली आणि जगभर तीच रूढ झाली. शून्य ते तीनपर्यंत ती अतिशय चांगली आहे, अजूनही मी ती वापरते. अडचण चारमध्ये आहे. विरोधाविरुद्ध हालचाल होते, पण सामान्यपेक्षा कमी, एवढंच चार म्हणजे. सामान्याच्या पाव ताकदीचा स्नायूही चार असू शकतो आणि सामान्याला टेकलेलाही चारच.

माझ्याकडे एकाच सुमारास दोन रुग्ण येत होते. एक रिक्षाचालक, एक घरी शिवणकाम करणाऱ्या काकू. दोघांचीही मानेची शस्त्रक्रिया सारख्याच प्रकारची होती, दोघांचाही ट्रॅपिझियस माझ्या हाताला चार लागत होता. एका सहकाऱ्याने हातात धरायचं बलमापक आणलं आणि आम्ही दोघांची ताकद मोजली. रिक्षाचालकाची शस्त्रक्रियेकडची बाजू चांगल्या बाजूच्या जवळजवळ बरोबरीला होती. काकूंची अर्ध्याच्या आसपास होती. मी दुसऱ्यांदा हाताने तपासलं. तरीही माझ्या हाताला दोघं सारखेच लागले. याचं कारण कौशल्यात नव्हतं. चांगल्या तगड्या स्नायूला रोखण्याइतका जोर माझ्या हातात नाही आणि कोणाच्याच हातात तो मोजपट्टीसारखा नेमका नसतो. दोघांनीही माझा हात मागे सारला, म्हणून दोघंही चार. त्या दोघांना एकच व्यायाम, एकाच वजनाने देणं मला त्यानंतर शक्य नव्हतं.

नजरेबद्दलचा माझा विश्वासही तपासावा लागला. फरा बाहेर येतो का, हात उतरवताना अडखळतो का, हे मी आयुष्यभर बघत आले. पण या क्षेत्रातल्या जाणकारांच्या अभ्यासांतून एक गोष्ट पुढे आली आहे. ज्यांना काहीच दुखत नाही, अशाही पुष्कळ माणसांचे दोन फरे सारखे हलत नाहीत. एका खांद्यावर वर्षानुवर्षं बॅग वाहणारे, एका हाताने बॅडमिंटन खेळणारे, यांच्यात डाव्या-उजव्याचा फरक नेहमीचाच. म्हणजे नजर जिथे दोष दाखवते तिथे तो असेलच असं नाही. आणि काकूंच्या बाबतीत दिसलं तसं, हात जिथे ठीक सांगतो तिथे सगळं ठीक असेलच असंही नाही. दोन्ही बाजूंनी तोलायला तिसरी गोष्ट लागते.

मग मी आमच्या शास्त्राचा इतिहास पुन्हा वाचला आणि एका गोष्टीने माझा उरलासुरला विरोध संपवला. हाताने श्रेणी देण्याची पद्धत बोस्टनचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट लव्हेट यांच्या दवाखान्यात घडली; त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी ती १९१२मध्ये छापून प्रसिद्ध केली. पोलिओने लुळ्या झालेल्या मुलांचे स्नायू तपासायला ती हवी होती. आम्हाला शिकवलं जातं ते इथवर. पण याच लव्हेट यांनी ई. जी. मार्टिन यांच्यासह थोड्याच वर्षांत, १९१६मध्ये, स्प्रिंगच्या काट्याने स्नायूंची ताकद मोजण्याची पद्धतही मांडली होती. पट्टा बांधायचा, काटा अडकवायचा आणि आकडा लिहायचा. ज्या माणसाने हाताची श्रेणी दिली त्यालाच ती पुरेशी वाटली नव्हती. मुंबईत पोलिओची साथ आली आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला केईएम रुग्णालयात देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा सुरू झाली. आपल्या मातीत ही विद्या रुजली तीही पोलिओमुळेच. आपण हाताची श्रेणी घेतली आणि काटा मागे राहिला. काटा ही बाहेरून आलेली, खेळाडूंसाठीची चैन आहे, हे माझं म्हणणं इतिहासातही बसत नव्हतं.

आता माझे जुने आक्षेप एकेक करून घेते.

एक स्नायू वेगळा मोजता येत नाही, हा आक्षेप आजही बरोबर आहे. पण मला एका स्नायूचा निखळ आकडा हवाच आहे का? मला हवं आहे ते हे, की याच स्थितीत, याच जागी पट्टा बांधून, हाच माणूस दोन महिन्यांपूर्वी किती जोर लावत होता आणि आज किती लावतो. तुलना त्याची त्याच्याशीच आहे. स्थिती बदलून मोजलं, की कोणत्या भागावर भार पडतो हेही बऱ्यापैकी कळतं. पालथं झोपून हात तिरका वर नेला तर ट्रॅपिझियसचा खालचा भाग, आडवा ठेवला तर मधला, उताणं झोपून मूठ छताकडे ढकलली तर सेराटस, बसून खांदा कानाकडे उचलला तर वरचा. चार आकडे शेजारी ठेवले की चित्र उभं राहतं. वरचा भाग दणकट आणि खालचा दुबळा असेल तर माणूस हात उचलताना खांदा कानाला लावतो. तेव्हा वरच्या भागावर आणखी मेहनत घेण्यात अर्थ नसतो.

वेदनेचा आक्षेपही खरा आहे, म्हणून मी मोजताना वेदना किती झाली हे दहापैकी विचारून आकड्याशेजारी लिहिते. वेदना जास्त असेल तर तो आकडा ताकदीचा म्हणून वापरत नाही. पुढच्या वेळी वेदना उतरली आणि आकडा एकदम चढला, तर स्नायू आठवड्याभरात बळकट झाला नसून मोकळा झाला, हे समजतं. तेही उपयोगाचंच आहे.

मोजणाऱ्याच्या ताकदीचा प्रश्न मला स्वतःला जास्त भिडला. बलमापक हातात धरून रुग्णाला रोखायचं असेल, तर मोजणारा दुबळा पडला की आकडा त्याचा होतो, रुग्णाचा राहत नाही. आमच्या व्यवसायात मुलींची संख्या मोठी आहे आणि समोर ट्रक चालवणारा गडी असतो. यावर उपाय सोपा आहे. बलमापक हातात धरण्याऐवजी पट्ट्याने पलंगाच्या पायाशी किंवा भिंतीतल्या हुकाला बांधायचं. रुग्णाने हळूहळू जोर वाढवत काही सेकंद पूर्ण ताकदीने ढकलायचं, मध्ये विश्रांती घेऊन तीनदा, आणि सरासरी लिहायची. मनगटाजवळ पट्टा बांधला तर जोर कमी दिसणार, कोपराजवळ बांधला तर जास्त, कारण सांध्यापासूनचं अंतर बदललं. म्हणून अंतरही टेपने मोजून लिहायचं. परदेशी बनावटीचं यंत्र महाग असतं, हे खरं. पण हुक असलेला डिजिटल ताणकाटा, जो आपल्याकडे सामान तोलायला सर्रास वापरतात, तोही ओढण्याचा जोर दाखवतो. आधी माहीत असलेलं वजन टांगून तो बरोबर दाखवतो का, हे तपासायचं आणि प्रत्येक वेळी तोच काटा वापरायचा, इतकी शिस्त पाळली तर छोट्या दवाखान्यात त्याने काम होतं.

आकड्यात थोडाफार फरक मोजण्यातल्या चुकीमुळेच पडतो, हेही लक्षात ठेवावं लागतं. आज एक किलो जास्त आला म्हणून प्रगती आणि उद्या अर्धा कमी आला म्हणून घसरण, असा अर्थ काढायचा नाही. स्वतःच्या दवाखान्यात, त्याच माणसाला दोन वेगळ्या दिवशी मोजून किती फरक पडतो हे आधी कळायला हवं. त्याहून मोठा बदल झाला तरच तो बदल.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं करायचं, तिच्याकडे येते. आकडा पुढचा उपचार ठरवतो. हालचाल झालीच नाही, म्हणजे श्रेणी शून्य किंवा एक असेल, तर काटा बाजूला ठेवायचा आणि वजनही. अशा वेळी हात खुर्चीच्या हातावर, उशीवर टेकवून ठेवायचा, नाहीतर हाताच्या भाराने खांदा खाली ओढला जातो. सांधा आखडू नये म्हणून आधाराने पूर्ण हालचाल द्यायची, कारण नस सावरेपर्यंत फ्रोजन शोल्डर झाला तर पुढे नस सावरूनही हात वर जात नाही. सेराटसची नस वेगळी असल्याने तो शाबूत असतो, त्याला या काळात तयार करायचं. हात स्वतःचा भार उचलू लागला की काटा हातात घ्यायचा आणि वजन त्या माणसाच्या मोजलेल्या ताकदीच्या काही टक्क्यांपासून सुरू करायचं. कॅनडात मार्गारेट मॅकनीली यांनी डोक्या-मानेच्या कर्करोगातून वाचलेल्या ५२ जणांवर केलेल्या चाचणीत, जी २००८मध्ये प्रसिद्ध झाली, एका गटासाठी वजन असंच प्रत्येकाच्या मोजलेल्या क्षमतेवरून ठरवलं आणि १२ आठवडे टप्प्याटप्प्याने वाढवलं होतं. नेहमीचा व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा त्यांची खांदेदुखी आणि अडचण जास्त कमी झाली, ताकदही वाढली. ती चाचणी वाचताना मला जाणवलं, की क्रमाने वजन वाढवण्याची पद्धत मोजण्यापासूनच सुरू होते. क्षमता माहीत नसेल तर तिचे टक्के कसे काढणार?

आकडा आणखी एका ठिकाणी कामी येतो, आणि तिथे उशीर महागात पडतो. ताणलेली नस बहुतेक वेळा हळूहळू सावरते. पण महिने गेले आणि आकडा हललाच नाही, तर नुसता व्यायाम वाढवत राहणं हा उपचार नव्हे. तेव्हा रुग्णाला नसांच्या विद्युत तपासणीसाठी आणि शल्यविशारदाकडे परत पाठवायला हवं. नस सांधायची असेल तर वेळ दवडून चालत नाही. ती वेळ टळून गेलीच, तर फऱ्याच्या शेजारचे स्नायू सरकवून ट्रॅपिझियसची जागा भरण्याची शस्त्रक्रियाही असते. ‘थोडं थोडं बरं वाटतंय’ असं रुग्ण आपल्याला बरं वाटावं म्हणूनही सांगतात. अडकलेला आकडा ते सांगत नाही.

आणि रुग्ण आकड्याला घाबरतील, असं जे मला वाटायचं, त्याचा अनुभव उलटा आला. कर्करोगातून आलेल्या माणसाने महिनोन्‌महिने जे आकडे ऐकलेले असतात ते आजाराचे असतात. गाठ किती सेंटिमीटर, टप्पा कितवा, जगण्याची शक्यता किती. फऱ्याचा आकडा हा त्याच्या स्वतःच्या कष्टाने वाढणारा पहिला आकडा असतो. काकू स्वतः विचारू लागल्या, “मॅडम, आज मोजायचं ना?” घरी करायचे व्यायाम त्या आधी टाळायच्या, कारण त्यातून काय होतं ते त्यांना दिसत नव्हतं. आता दिसत होतं.

जुन्या मतातलं मी एक सोडलेलं नाही. आधी पाठ बघायची, हात लावायचा, बोलायचं, आणि मग मोजायचं, हा क्रम बदलता कामा नये. छातीचा स्नायू फिरवून गालाची जागा भरलेली असेल तर त्या खांद्याचं गणित वेगळं असतं. रेडिएशनने मान आखडलेली असेल तर वेगळं. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी काढल्या असतील तर चांगली बाजूच उरत नाही, तुलना कशाशी करायची हेही विचारपूर्वक ठरवावं लागतं. हे काट्याला कळत नाही. आणि शेवटी रुग्णाला किलो नको असतात, फळीवरचा डबा हवा असतो. म्हणून माझ्या कागदावर ताकदीच्या चार आकड्यांखाली पाचवी ओळ असते, ती त्या माणसाच्या कामाची : दोरीवर कपडे टाकता आले का, रिक्षाचं हँडल किती वेळ धरता आलं, स्वतःचा ब्लाउज घालता आला का.

पुण्यात कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रिया होतात, फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत, दरवर्षी शिकून बाहेर पडणारी हुशार मुलंमुली आहेत. म्हणून माझी मागणी या शहरापासून सुरू होते. मानेच्या ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया ठरली, की तिच्या आधीच दोन्ही खांद्यांची ताकद मोजावी. भरती झाल्यावर इतक्या तपासण्या होतात, त्यात ही काही मिनिटांची भर आहे. शस्त्रक्रियेआधीचा आकडा असला, की नंतर दोन्ही बाजू दुबळ्या झाल्या तरी तुलनेला आधार राहतो. घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर ‘नस जपली आहे’ या ओळीखाली खांद्याची स्थिती आणि पुढे कधी मोजायचं ती तारीख असावी. जखम भरल्यावर, आणि मग ठरावीक अंतराने निदान वर्षभर, तीच ताकद त्याच पद्धतीने मोजावी, मग रुग्ण पुण्यात राहो की इंदापुरातल्या फिजिओकडे जावो. कागद त्याच्याबरोबर जाईल आणि पुढच्या फिजिओला शून्यापासून अंदाज बांधावा लागणार नाही.

ज्या उपचाराने जीव वाचला त्याची किंमत खांद्याने मोजली जाते. ती किती मोजली गेली आणि त्यातलं किती परत मिळवता येईल, हे त्या माणसाला अंदाजाने सांगायचं मी थांबवलं आहे. माझ्या विद्यार्थ्यांनाही आता मी तेच शिकवते : हात लावा, नजर ठेवा, आणि मग मोजा.